घोड्याच्या टापेखालचं पाणी



या सदरातलं गाव दरवर्षी मी निवडते. यंदाचं गाव मात्र आमच्या आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी निवडलं, आणि तेही त्याचं नाव माहीत नसताना.

आई मे महिन्यात आमच्याकडे अमस्टेलवीनला आल्या. सासरे गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. तिकिटं काढताना आम्ही विमानाचं भाडं पाहिलं, ह्यांची रजा पाहिली, सईची शाळा पाहिली. कालनिर्णय तेवढं पाहिलं नाही. आई वाईच्या. दरवर्षी आळीतल्या बायकांबरोबर लोणंदला जायचं, माउलींच्या पालखीबरोबर चालायचं, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण पाहायचं आणि फलटणहून एसटीने परत यायचं, हा त्यांचा नेम. सासरे आजारी होते त्या वर्षीसुद्धा त्यांनीच आईंना बळेबळे पाठवलं होतं. आणि यंदा पालखी नीरा ओलांडेल तेव्हा आई आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून ट्राम मोजत असणार होत्या. हे आमच्या लक्षात आलं तेव्हा परतीची तारीख बदलणं फार महाग झालं होतं.

आई यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पवनचक्क्या पाहून झाल्या, कालव्यातली बोट झाली, चीजचा बाजार झाला. आई सगळीकडे हौसेने आल्या. पण एका संध्याकाळी माझ्याबरोबर फरसबी मोडताना त्यांनी विचारलं, "अगं, तुमच्या या देशात एखादं तीर्थ नाही का? बघायला म्हणून नव्हे, काही मागायला किंवा आभार मानायला माणूस जातो, असं?"

मला पटकन काही सुचेना. इंग्लंडला जाऊन आलेल्या मैत्रिणी ग्लास्टनबरीबद्दल भरभरून सांगतात. तिथे आर्थर राजाची दंतकथा आहे, लोहामुळे तांबूस झालेल्या पाण्याचा झरा आहे, टेकडीवर एकटा उभा असलेला मनोरा आहे. पण इंग्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. मग नकाशा उघडून बसले आणि वर फ्रिसलांडमध्ये, वाडन समुद्राच्या अलीकडे, एक गाव सापडलं: डोक्कुम. तिथे झरा आहे, दंतकथा आहे आणि संतही आहे. गंमत म्हणजे तो संत मूळचा इंग्लंडचाच, ग्लास्टनबरीच्या शेजारच्या डेव्हन परगण्यातला.

जूनच्या मध्यावर एका शनिवारी आम्ही निघालो. वटपौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते आणि पालख्या निघायला चार दिवस होते. अमस्टेलवीनहून डोक्कुमला गाडीने साधारण दोन तास लागतात. वाटेत अफ्स्लाउटडाइक लागतो, समुद्राला पाठ देऊन उभा असलेला, 1932 साली पुरा झालेला बत्तीस किलोमीटरचा बांध. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला गोडं. आईंनी खिडकीतून दोन्हीकडे पाहून घेतलं. पुढे फ्रिसलांड सुरू झालं तशा रस्त्यावरच्या पाट्यांवर दोन-दोन नावं दिसू लागली. "आजी, इथे दोन भाषा आहेत," सई म्हणाली. "हे लेउवार्डन आणि हेच ल्यौवर्ट." "मग बेळगावसारखं," आई म्हणाल्या.

सई दहा वर्षांची. शाळेत आता सातव्या गटात आहे. तिचं मराठी म्हणजे डच सांगाड्यावर नेसवलेली नऊवारी. शब्द मराठी, चाल डच. आजीला संताची गोष्ट तू सांग, असं मी तिला आधीच बजावून ठेवलं होतं. मी सांगितली असती तर तो तास झाला असता, गोष्ट झाली नसती. एम. ए. इतिहास आणि गिरगावातल्या शाळेतली सहा वर्षं; खोड जात नाही.

सईने गोष्ट सांगितली ती साधारण अशी. बोनिफाशियस नावाचा एक साधू होता. त्याचं खरं नाव विनफ्रिड. तो जर्मनीत गेला. तिथे लोक एका मोठ्या ओकच्या झाडाला देव मानायचे. ते झाड डोनार देवाचं, म्हणजे गडगडाटाच्या देवाचं. बोनिफाशियसने ते झाड तोडलं आणि त्याच्या लाकडाचं देऊळ बांधलं.

"तोडलं?" आई एकदम म्हणाल्या. "दुसऱ्याचा वड असा तोडतात होय?"

"ओक होता, आजी."

"तेच ते."

मला राहवलं नाही. मी पुढच्या सीटवरून सांगून टाकलं की, झाड गेलं तरी देव गेला नाही. डच भाषेत गुरुवारला 'डोंडरडाख' म्हणतात, तो याच डोनारचा वार. बुधवार वोडान देवाचा. बाराशे वर्षांहून अधिक काळ चर्चच्या घंटा वाजल्या, पण आठवडा अजून जुन्याच देवांच्या नावाने चालतो. ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले.

सई पुढे सांगू लागली. बोनिफाशियस खूप म्हातारा झाला, जवळजवळ ऐंशीचा. तेव्हा त्याला वाटलं की फ्रिसियन लोकांकडे आपलं काम राहून गेलंय. तरुणपणी तो इथे येऊन हात हलवत परत गेला होता. म्हणून तो पुन्हा आला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना त्याने एका ठरलेल्या दिवशी भेटायला बोलावलं. तो दिवस होता 5 जून 754. सकाळी माणसं आली, पण ती भेटायला आलेली नव्हती. त्यांच्या हातात शस्त्रं होती. बोनिफाशियसने आपल्या लोकांना लढू दिलं नाही. तो आणि त्याचे बावन्न सोबती मारले गेले.

"त्याला मारून टाकलं," सई म्हणाली, "पण तो रागावला नाही. अशा माणसाला मराठीत काय म्हणतात, आई?"

"हुतात्मा," मी म्हटलं.

"म्हणजे हुतात्मा चौकातला?" आईंनी विचारलं. सईला हुतात्मा चौक माहीत नव्हता. मग त्या गोष्टीत आणखी एक गोष्ट सुरू झाली आणि डोक्कुमच्या तटाशी गाडी लावेपर्यंत आई तिला संयुक्त महाराष्ट्राबद्दल सांगत होत्या.

डोक्कुम लहान आहे. भोवती चांदणीच्या आकाराचा मातीचा तट आणि खंदक, तटावर दोन पवनचक्क्या. एकीचं नाव 'द होप', म्हणजे आशा; दुसरीचं 'झेल्डनरुस्ट', म्हणजे जिला क्वचितच उसंत मिळते ती. हे नाव मी आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बाईचंच नाव दिसतंय." एके काळी फ्रिसलांडच्या आरमाराचा कारभार या गावातून चाले. 1618 सालची त्याची इमारत कालव्याकाठी अजून उभी आहे आणि तिथे आता संग्रहालय आहे. त्रिकोणांची साखळी करून जमीन मोजायची रीत 1533 मध्ये ज्याने लिहून काढली तो गेमा फ्रिसियस याच गावात जन्मला. नकाशे काढणारा मर्काटोर त्याचा विद्यार्थी. शाळेत मर्काटोरचा नकाशा भिंतीला टांगताना त्याच्या गुरुजींचं नाव मी एकदाही घेतलं नव्हतं, याची तिथे उगीच टोचणी लागली.

गावात बोनिफाशियसचा पुतळा आहे. डोक्यावर दोन्ही हातांनी पुस्तक धरलेला. परंपरा सांगते की तलवारीचा वार त्याने पुस्तकावर झेलला. जर्मनीत फुल्डा इथे, जिथे त्याला पुरलं, तिथे कापल्याच्या खुणा असलेलं एक जुनं हस्तलिखित जपलेलं आहे. ते हेच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण पुढची हकिकत त्याचं चरित्र लिहिणाऱ्या विलिबाल्डने काही वर्षांतच लिहून ठेवली आहे. मारेकऱ्यांना वाटलं होतं, पेट्यांत सोनं असेल. पेट्या फोडल्या तर आत पुस्तकं. रागाच्या भरात त्यांनी ती शेतात, लव्हाळ्यात, दलदलीत भिरकावली. विलिबाल्ड म्हणतो की पुष्कळ दिवसांनी ती सापडली तेव्हा जशीच्या तशी होती.

हे मी सांगत असताना आईंचे हात आपोआप जोडले गेले. "तुकोबांची गाथा," त्या म्हणाल्या. एवढंच.

आता झऱ्याकडे. गावाच्या दक्षिणेला एक शांत बाग आहे. तिथे 1934 साली बांधलेलं विटांचं प्रार्थनागृह आहे, येशूच्या अखेरच्या वाटचालीची चित्रं झाडांमधून क्रमाने लावलेली आहेत, आणि मध्ये पाणी. शेजारी पाय बुडवून गोल फेरी मारायचा हौद आहे. त्या पाण्याची गोष्टही विलिबाल्डनेच नोंदवली आहे. संत मारला गेला त्या जागी मातीचा उंचवटा रचून चर्च बांधायचं ठरलं. या किनाऱ्यावर तेव्हा बांध नव्हते. भरतीच्या पाण्यापासून वाचायला लोक असेच मातीचे उंचवटे रचून त्यांवर राहायचे. प्यायला पाणी मात्र कुठलं? भोवती सगळं खारं. या किनारपट्टीच्या लोकांबद्दल प्लिनी या रोमन लेखकाने लिहिलं आहे की, त्यांच्याकडे प्यायला साठवलेलं पावसाचं पाणी तेवढं असतं. आब्बा नावाचा अधिकारी काम पाहायला घोड्यावरून आला, तेव्हा त्याच्याबरोबरच्या एका सेवकाच्या घोड्याचे पुढचे पाय अचानक जमिनीत रुतले. घोडा बाहेर ओढला, तर त्या खड्ड्यातून झरा उसळला. चव घेतली तर पाणी गोड.

सईने हे आजीला सांगितलं. टापेला शब्द न सापडल्यामुळे 'घोड्याचे बूट' म्हणाली. आई थबकल्या.

"घोड्याची टाप?"

"हो, टाप."

आईंनी चपला काढल्या. "अगं, रिंगणात माउलींचा घोडा धावून गेला की आम्ही त्याच्या टापेखालची माती उचलून कपाळाला लावतो," त्या सईला म्हणाल्या. "त्या घोड्यावर कुणी बसलेलं नसतं. माउली बसलेली असते." मग त्या खाली वाकल्या, बोटं पाण्यात बुडवली आणि डोळ्यांना लावली. मला वाटलं त्या काही म्हणतील. त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. चार दिवसांनी आळंदी-देहू गजबजणार होती. हे पुढे झाले, पण मी त्यांचा हात धरून थांबवलं.

थोड्या वेळाने आई साडी जराशी वर धरून हौदात उतरल्या. हौदात एक फ्रिसियन आजीबाई नातवाला घेऊन फेरी मारत होत्या. त्या नातवाशी फ्रिसियन बोलत होत्या, आमच्याशी डच. आईंकडे पाहून त्या हसल्या, पाणी थंड असल्याची खूण केली आणि सईला विचारलं, "तुम्हाला माहितीये ना, त्याला कुणी मारलं?" सई म्हणाली, फ्रिसियन लोकांनी. "हो, आम्ही," त्या आजीबाई हसत म्हणाल्या. "आमच्याच लोकांनी मारलं, आणि आता आम्हीच त्याच्या पाण्यात पाय बुडवतो."

सईने हे आजीला सांगितलं. आई म्हणाल्या, "मारणाऱ्यांच्या गावातच देऊळ! चांगलंय. लपवलं नाही हो यांनी."

तो 'आम्ही' माझ्या मनात रुतून बसला. पावणेतेराशे वर्षांपूर्वीच्या खुनाबद्दल कुणी 'आम्ही' म्हणतं, शरमेनेही नाही आणि फुशारकीनेही नाही, ही गोष्ट इतिहासाच्या वर्गात मला कधी शिकवता आली नव्हती. आमच्या वर्गात 'आपण' नेहमी जिंकणारे किंवा सोसणारे असायचो.

आणि मला बाणगंगा आठवली. वाळकेश्वरच्या बाणगंगेवर मी एकदा सातवीची सहल नेली होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तळ्याचं पाणी गोड. सीतेला शोधत आलेल्या रामाला तहान लागली म्हणून जमिनीत बाण मारला आणि पाताळातून गंगा वर आली, अशी तिथली कथा. एक मुलगा हात वर करून म्हणाला, "बाई, माझी आजी सांगते, बाण अजून खाली आहे." मी म्हटलं होतं, "ती नुसती गोष्ट आहे. खरं कारण सांगते, लिहून घ्या." मग टेकडीत मुरणारं पावसाचं पाणी, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं कसं असतं, सगळं सांगितलं. सांगितलं ते बरोबरच होतं. पण तो मुलगा उरलेल्या सहलीत काही बोलला नाही. त्याची गोष्ट मी पुरती ऐकून घेतली नव्हती, आणि त्याच्या आजीला मी भर वर्गात खोटं पाडलं होतं.

डोक्कुमच्या पाण्यालाही तसंच काही साधं कारण असणार. पण घोड्याची गोष्ट 'असं का' याचं उत्तर द्यायला जन्मलेली नाही. खाऱ्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांना गोड्या पाण्याचं केवढं मोल होतं, ते त्या गोष्टीने बाराशे वर्षं सांभाळून ठेवलं आहे. ते कुठल्याही तक्त्याने सांभाळलं नसतं.

तटावर बसून आम्ही डबा खाल्ला. आईंनी मेथीचे पराठे केले होते आणि त्यांबरोबर इथला साखरेचे खडे घातलेला फ्रिसियन पाव घेतला. खाता खाता सईने विचारलं, "आजी, मग आपण कोणाच्या बाजूचे? झाडवाल्यांच्या की पुस्तकवाल्याच्या?"

मी उत्तराची जुळवाजुळव करू लागले. आईंनी लगेच सांगितलं, "मला झाडाचंही वाईट वाटतं आणि म्हाताऱ्याचंही. बाजू कशाला हवी?"

"शाळेत विचारतात."

"मग शाळेत सांग, आजीला विचारून सांगते."

सई खूप हसली. मला मात्र तिच्या प्रश्नामागचा प्रश्न ऐकू आला. इथे वर्गात 'आपला इतिहास' म्हणतात तेव्हा ती त्या 'आपल्या'त असते की नसते, हे तिला रोज नव्याने ठरवावं लागतं. आपल्या सगळ्यांच्याच मुलांना लागतं. आजीने निदान त्या दिवसापुरती तिची सुटका केली.

तुम्ही जाणार असाल तर थोडी माहिती. डोक्कुमला रेल्वे जात नाही. लेउवार्डनपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. तटावरून पूर्ण फेरी आरामात होते. कालवे गोठले तर होणाऱ्या दोनशे किलोमीटरच्या 'एल्फस्टेडनटोख्त' या अकरा गावांच्या स्केटिंग शर्यतीतलं हे एक गाव, शेवटची शर्यत 1997 मध्ये झाली. लेउवार्डन 2018 साली युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. त्या निमित्ताने या अकराही गावांत एकेक कारंजं उभं राहिलं. डोक्कुमचं कारंजं बर्फाचं आहे, हवेतलं बाष्प गोठवणारं. ज्या गावाची गोष्टच पाण्याची, त्याला हे शोभतं. आणि आजी-आजोबा आले असतील तर त्यांना जरूर न्या. बाग सपाट आहे, बसायला बाकं आहेत.

निघताना आईंनी पाण्याची एक लहान बाटली भरून घेतली. ऑगस्टच्या सुरुवातीला त्या वाईला परतल्या. बाटली कपड्यांत गुंडाळून बॅगेत गेली होती. तुळशीला घातलं, असं फोनवर म्हणाल्या.

श्रावणातल्या एका सोमवारी त्यांच्याकडे भजनाच्या बायका जमल्या होत्या. आईंनी व्हिडिओ कॉल लावला आणि आमच्यादेखतच त्यांना डोक्कुमची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तोवर बोनिफाशियसचा 'बोनीबुवा' झाला होता. "बोनीबुवा घोड्यावरून चालले होते," आई सांगत होत्या, "त्यांना लागली तहान..."

"नाही आजी!" सई ओरडली. "घोडा त्यांचा नव्हता! ते आधीच मेले होते!"

"मग तू सांग बाई नीट."

आणि सईने सांगितलं. पहिल्यापासून, झाड, बोट, पेट्या, पुस्तकं, टाप. वाईच्या ओसरीवर दहा-बारा बायका मान डोलवत ऐकत होत्या. ती मध्येच अडायची, शब्द शोधायची, "तो घोडी" म्हणायची आणि पुढे जायची. हुतात्मा हा शब्द तिने दोनदा वापरला. वीस मिनिटं ती सलग मराठी बोलली. एवढं ती याआधी कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट हातात धरून उभी होते. चुका मोजल्या नाहीत. एकही दुरुस्त केली नाही.